नांदूर मध्यमेश्वरची शिवारफेरी: भारीट दाखवणारा मार्गदर्शक कसा असावा

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने गेल्यास स्थानिक मार्गदर्शकांसोबत पक्षी पाहण्याची जी सोय आहे, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. ही सोय पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. मात्र येथे मी मुख्यतः लिहिणार आहे ते अभयारण्याला लागून असलेल्या शेतांतून केलेल्या फेरीविषयी, कारण मार्गदर्शकाची खरी पारख तेथे होते असे माझे मत झाले आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात उभा असला तर तो कोणालाही दिसतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट पाठीचा, ज्वारीच्या कणसाला लटकून दाणे टिपणारा भारीट (इंग्रजीत बंटिंग) हा परदेशी पाहुणा शोधून दाखवायचा, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पाच-सहा पक्ष्यांमधून तो वेगळा काढायचा आणि तो कोठून आला व येथे काय करतो आहे हे समोरच्याला पटेल असे सांगायचे, तर त्यासाठी त्या शिवारात वाढलेला माणूस लागतो.

ठिकाणाची ओळख नाशिककरांना नव्याने करून देण्याची गरज नाही, तरी बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या दगडी बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्यातून बेटे, पाणवनस्पतींचे पट्टे आणि उथळ डबकी तयार झाली आणि पक्ष्यांना हवी तशी पाणथळ जागा आपोआप घडली. 1986 मध्ये हे अभयारण्य घोषित झाले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. नाशिकहून निफाडमार्गे किंवा चांदोरी-सायखेड्याच्या बाजूने गाडीने तास-दीड तासात पोहोचता येते. हिवाळ्यात निफाडची थंडी राज्यभर बातमीचा विषय असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा एक आकडी झाला की वर्तमानपत्रांत मथळा येतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघणाऱ्यांनी कानटोपी आणि हातमोजे विसरू नयेत, कारण गारठलेल्या बोटांनी दुर्बिणीचे चाक फिरवता येत नाही.

पाण्याकाठचा भाग थोडक्यात सांगतो. मनोऱ्यावरून आणि काठाने चालत आम्ही तलवार बदके, थापट्या, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक, कमळपक्षी असे बरेच काही पाहिले. मार्गदर्शकाकडे दुर्बिणी होत्या आणि तिवईवर लावलेली मोठी एकनळी दुर्बीणही होती. तिच्यातून प्रत्येकाला पाहू देताना तो घाई करत नव्हता; वयस्कर माणसे आणि लहान मुले यांच्यासाठी तिवईची उंची पुन्हा पुन्हा बदलत होता. या भागाविषयी माझी काहीही तक्रार नाही, आणि पहिल्यांदाच पक्षी पाहायला निघालेल्या कुटुंबाने एवढेच करून परत आले तरी दिवस सार्थकी लागेल.

ऊन अंगाला लागू लागले तेव्हा त्याने विचारले, "शिवारात येता का? भारीट आहेत अजून. पंधरा-वीस दिवसांत जातील." गटातील काही जण न्याहारीसाठी मागे थांबले. आम्ही जे गेलो, त्यांना जे मिळाले ते पाण्याकाठी मिळालेल्यापेक्षा अधिक मोलाचे होते असे मी पूर्ण विचाराने लिहितो.

निफाडचे शिवार म्हणजे द्राक्षबागा, कांदा, ऊस आणि गहू. भारिटाला यांतले फारसे काही नको असते. त्याला हवे असते ते तृणधान्य, म्हणजे ज्वारी, बाजरी आणि गहू, आणि जवळपास रात्री बसायला काटेरी झाड. ज्वारी आता या भागात थोडी उरली आहे; कोणी जनावरांच्या कडब्यासाठी, कोणी घरच्या भाकरीपुरती, कोणी हुरड्यासाठी एखादा तुकडा पेरतो. कोणत्या वस्तीमागे असा तुकडा उभा आहे आणि त्याच्या बांधावर बाभळी शिल्लक आहेत, हे मार्गदर्शकाला नेमके ठाऊक होते. ही माहिती कोणत्याही पक्षी-पुस्तकात नसते आणि मोबाइलमधील नकाशावरही नसते. ती दरवर्षी बदलते, आणि तेथे राहणाऱ्यालाच कळते.

शेतात शिरण्याआधी तो थांबला. मळ्यात पाणी भरत असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याने हाक दिली, "बाबा, नाशिकचे पाव्हणे आहेत, बांधानं जातो जरा." त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "जा की. कणसाला हात लावू नका म्हणजे झालं." मग त्याने आम्हाला एकापाठोपाठ एक असे बांधावरून नेले, ओल्या सरीत कोणाचा पाय पडू दिला नाही आणि बाभळीपासून बऱ्याच अंतरावर उभे केले. पक्षी पाहणाऱ्यांनी शेतकऱ्याचे नुकसान करू नये हे सगळेच सांगतात. परवानगी मागण्याची ही साधी पद्धत मात्र मी फार कमी ठिकाणी पाळलेली पाहिली आहे, आणि या सेवेला मी सर्वांत जास्त गुण देईन ते याच गोष्टीसाठी.

पक्षी आधी ऐकू आले. ज्वारीच्या ताटांमधून बारीक, तुटक "चिप, चिप" असा आवाज येत होता आणि कणसे वारा नसताना हलत होती. काही क्षणांनी एक नर कणसाच्या टोकावर चढून उघड्यावर बसला, आणि मोठ्या दुर्बिणीतून तो आम्हाला अगदी हातभर अंतरावर असावा तसा दिसला. काळ्या डोक्याचा भारीट. डोके टोपी घातल्यासारखे काळे, गालही काळे. गळ्यापासून शेपटीखालपर्यंतचा सगळा भाग हळदीसारखा पिवळा. पाठ तांबूस विटकरी. मानेवर दोन्ही बाजूंनी पिवळा रंग वर चढलेला, त्यामुळे काळे डोके आणि तांबूस पाठ यांच्यामध्ये अर्धवट कॉलर असल्याचा भास होतो. जवळून पाहिल्यावर मात्र डोक्याचा काळा रंग एकसारखा नव्हता. माथ्यावर काही पिसांच्या कडा मातकट होत्या, जणू काळ्यावर धूळ बसली आहे. मार्गदर्शकाने याच कडांकडे आमचे लक्ष वेधले. हिवाळ्यात नव्याने आलेल्या पिसांना अशी फिकट किनार असते आणि तिच्यामुळे जानेवारीत हाच नर मळका, ओळखू न येणारा दिसतो. पुढे ती किनार झिजत जाते आणि मार्च येईपर्यंत खालचा झळझळीत काळा रंग मोकळा होतो.  अंगावरच्या पिसांच्या कडा झिजून तो नवरदेवासारखा सजतो. आम्ही गेलो तो फेब्रुवारीचा शेवट होता, त्यामुळे एकाच थव्यात अर्धे उजळलेले आणि पूर्ण उजळलेले असे दोन्ही प्रकारचे नर शेजारी शेजारी पाहता आले.

तो नर दाणा खात असताना आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. त्याची चोच जाड, शंकूच्या आकाराची, राखाडी निळसर होती. तो दाणा कणसातून ओढून काढी, चोचीच्या कडेवर आडवा आणी, जिभेने फिरवी, आणि टरफल बाजूने बाहेर पडे. एका दाण्याला क्षणभरही लागत नव्हता. खालच्या पानावर टरफलांचा पांढरट चुरा साचला होता. अधूनमधून तो खाणे थांबवून मान उंच करी. बाकीचे कणसांत डोके घालून असताना दोघे-तिघे तरी नेहमी असे उघड्यावर होते.

कारण लवकरच कळले. एक फिकट राखाडी, लांब पंखांचा भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, शेताच्या पलीकडच्या टोकाने, पिकाच्या जेमतेम वर, संथ उडत आला. त्या क्षणी आमच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा थवा ज्वारीतून एकदम उठला, पोटाचा पिवळा रंग उन्हात चमकवत एक वळण घेऊन बाभळीत जाऊन बसला आणि गप्प झाला. मार्गदर्शकाने सांगितले की हा मॉन्टेग्यूचा भोवत्या, आणि तोही पाहुणाच. मध्य आशियाच्या बाजूने येणारा. शिकारी आणि शिकार दोघेही हिवाळा काढायला एकाच शेतात उतरतात. भोवत्या निघून गेल्यावर भारीट एकदम परतले नाहीत. आधी दोन-चार आले, कणसांच्या टोकावर बसले, आणि मग त्यांच्यामागून बाकीचे टप्प्याटप्प्याने उतरले. काटेरी बाभूळ या पक्ष्यांना का लागते हे या दोन-चार मिनिटांत जसे समजले, तसे वाचून समजले नसते.

मादीपाशी या सेवेतील खरे कौशल्य दिसले. मादी वाळूच्या रंगाची, पाठीवर पुसट रेघा असलेली, पोटाकडे मळकट आणि शेपटीच्या खाली फिकट पिवळी असते. याच थव्यांत लाल डोक्याचे भारीटही मिसळलेले असू शकतात. त्यांच्या नराचे डोके आणि छाती तांबूस असल्यामुळे तो चटकन ओळखता येतो, पण दोन्ही जातींच्या माद्या एकमेकींसारख्या असतात. पाठीवर, कमरेच्या भागात तांबूस छटा असेल तर काळ्या डोक्याच्या भारिटाची मादी असण्याची शक्यता जास्त आणि तेथे हिरवट छटा असेल तर लाल डोक्याच्या भारिटाची, असा एक आधार आहे. चोचीची लांबीही थोडी मदत करते. एका मादीविषयी आमच्यापैकी कोणीतरी आग्रहाने विचारले तेव्हा मार्गदर्शक शांतपणे म्हणाला, "हिचं नक्की सांगता येणार नाही. दोन्हींपैकी एक, एवढंच लिहा." ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदीतही त्याने तसेच लिहिले. ज्या मार्गदर्शकाला "सांगता येणार नाही" असे म्हणता येते, त्याने ठामपणे सांगितलेल्या बाकीच्या नावांवर विश्वास ठेवता येतो.

गटातील एका तरुणीने मोबाइलवर वाचून आणखी एक प्रश्न विचारला: स्थलांतर करणारी खरीखुरी चिमणी येथे दिसते का? उत्तर विचारपूर्वक आले आणि ते येथे नोंदवण्यासारखे आहे. आपल्या घराजवळची चिमणी सहसा गाव सोडून फार दूर जात नाही. तिची नातलग असलेली स्पॅनिश चिमणी मात्र मोठा प्रवास करते. तिच्या नराचा माथा पूर्ण तपकिरी, गाल पांढरे आणि छातीपासून कुशींपर्यंत ठळक काळ्या रेघा असतात. स्पेनमध्ये आणि भूमध्य समुद्राच्या आसपास ती राहते, पण मध्य आशियातील तिचे थवे हिवाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य भारतात, म्हणजे पंजाब, राजस्थान आणि गुजरातकडच्या शेतांत उतरतात. या चिमण्या वसाहत करून घरटी बांधतात, अनेकदा बलाकांच्या मोठ्या घरट्याच्या काटक्यांतच आपली घरटी कोंबतात. नाशिकमध्ये ती नेहमी येणारी पाहुणी नाही, आणि मार्गदर्शकाने तसे स्पष्ट सांगितले. छातीवर काळा डाग असलेली गावातली एखादी चिमणी दाखवून "हीच ती" म्हणणे त्याला सहज शक्य होते.

त्याऐवजी त्याने आम्हाला बांधावरच्या कडुलिंबावर बसलेली रानचिमणी दाखवली. हिला पीतकंठी चिमणीही म्हणतात. आकार घरच्या चिमणीएवढाच, पण अंग सडपातळ आणि चोच बारीक. पाठीवर रेघा नाहीत, रंग सपाट राखाडी-तपकिरी. नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा, त्याखाली पांढरी रेघ, आणि गळ्यावर लिंबाच्या रंगाचा लहानसा ठिपका. तो ठिपका पक्षी मान वर करेपर्यंत दिसत नाही, म्हणून ही चिमणी अनेकांच्या नजरेतून सुटते. ती झाडाच्या ढोलीत घरटे करते, दाण्यांसोबत किडे खाते आणि पळस, मोह, पांगारा फुलले की फुलांतील रस प्यायला जाते. तेव्हा तिचे कपाळ परागाने माखलेले असते. भारतात ती बाराही महिने आढळते, पण इराक, इराण आणि आखाती देशांत वीण करणाऱ्या रानचिमण्या हिवाळ्यात भारताकडे येतात, आणि त्या अर्थाने हीदेखील स्थलांतर करणारी चिमणी आहे. याच जातीच्या एका चिमणीला लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपल्यानंतर, तिच्या पिवळ्या गळ्याचे कोडे सोडवण्यासाठी पुढे पक्षीतज्ज्ञ झालेले सालिम अली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्यांना भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, ही गोष्ट पक्षीप्रेमींना माहीत असते. ती ज्या पक्ष्याची आहे तो पक्षी समोर दाखवून सांगितली गेली की तिचे वजन वाढते.

याच फेरीत चंडोल, तीरचिमण्या आणि गप्पीदासही दिसले. त्यांतील फरक त्याने चालीवरून समजावले: भारीट जमिनीवर टुणटुण उड्या मारतो, तीरचिमणी एकेक पाऊल टाकत चालते आणि शेपटी खालीवर हलवते, गप्पीदास काडीच्या टोकावर बसून खाली झेप घेतो आणि परत तेथेच येतो. रंग पाहण्याआधी चाल पाहा, हा त्याचा सल्ला नवशिक्यांना फार उपयोगी पडेल.

भारिटाच्या प्रवासाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या पक्ष्याकडे पाहण्याची माझी दृष्टी त्यामुळेच बदलली. काळ्या डोक्याचा भारीट वीण करतो ती जागा म्हणजे आग्नेय युरोप, तुर्कस्तान आणि तेथून इराणपर्यंतचा पट्टा. त्या भागातील कितीतरी पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. हा मात्र पूर्वेकडे वळतो, इराण आणि सिंधूच्या खोऱ्यावरून येतो आणि संपूर्ण हिवाळा पश्चिम व मध्य भारतात काढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो उतरतो, तेव्हा बाजरी तयार असते; पुढे ज्वारी आणि मग गहू असा पिकांचा क्रम त्याच्या मुक्कामाला पुरतो. आपल्याकडच्या ज्वारी-बाजरीवर बाल्कनमध्ये जन्मलेला पक्षी पोसला जातो, हे त्या कणसांसमोर उभे राहून ऐकताना मला फार मोठे वाटले. तिकडे तो झुडपे विखुरलेल्या मोकळ्या शेतजमिनीत, ऑलिव्हच्या बागांत आणि द्राक्षमळ्यांत राहतो, जमिनीपासून फार उंच नसलेल्या झुडपात घरटे करतो. म्हणजे द्राक्षांच्या मुलखातून निघून तो द्राक्षांच्याच मुलखात येतो. येथे मात्र बागेला लावलेल्या जाळ्यांशी त्याचा संबंध येत नाही, कारण द्राक्षे खाणारे बुलबुल, साळुंक्या आणि भोरड्या वेगळ्या. निफाडमधील बागायतदारांपैकी ज्यांना प्रत्येक थव्याचा राग येतो, त्यांना हा फरक मार्गदर्शक समजावून सांगतात असे तो म्हणाला. ज्वारी करणाऱ्याचे नुकसान भारीट करतो, हेही त्याने लपवले नाही. पूर्वी माळ्यावर उभे राहून गोफणीने ज्वारीची राखण होत असे, ती अशाच थव्यांसाठी.

जायची वेळ त्यांना कशी कळते, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात, ते अधिक खातात आणि चरबी साठवतात; त्यांचा प्रवास रात्री होतो. भारतातील प्रयोगशाळांमध्ये दिवसमानाचा पक्ष्यांवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी काळ्या आणि लाल डोक्याच्या भारिटांचा अनेक वर्षे उपयोग झाला आहे. पिंजऱ्यातील भारीटही त्या दिवसांत रात्री झोपत नाहीत, फडफडत राहतात. हे ज्ञान मार्गदर्शकाने प्रयोगशाळेच्या भाषेत सांगितले नाही, पण मुद्दा नेमका सांगितला: "थंडी कमी झाली म्हणून नाही जात ते. दिवस मोठा झाला म्हणून जातात."

तुलनेसाठी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातील एका सहल आयोजकासोबत आम्ही याच बाजूला आलो होतो. त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. बसभर माणसे, सोबतचा माणूस दर थोड्या वेळाने मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज मोठ्याने वाजवणारा, आणि सगळा भर रोहित पक्ष्यांसोबत छायाचित्र काढण्यावर. ज्वारीच्या शेताजवळून जाताना कोणीतरी पिवळे पक्षी दाखवले, तेव्हा "चिमण्याच आहेत" असे सांगून बस पुढे नेण्यात आली. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणे हे त्याच्या खाण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळेवर घाला घालणे आहे, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या बाबतीत तर ते मुळीच करू नये. यावेळच्या मार्गदर्शकाने एकदाही असे केले नाही. एकाने विनंती केली तेव्हा नम्रपणे नकार दिला.

सेवेत सुधारणेला वाव आहे आणि तो मी आपुलकीने सांगतो. शिवारफेरी ही मुख्य फेरीची पुरवणी न राहता तिची वेगळी नोंदणी घ्यावी, असे मला वाटते. ज्याला भारीट पाहायचे आहेत त्याला सूर्योदयाच्या सुमारास शेतात असायला हवे, कारण रात्रीच्या बाभळीवरून थवा खाली उतरतो तो तेव्हा, आणि पाण्याकाठी तास-दोन तास घालवून तेथे पोहोचल्यावर तो देखावा हुकतो. लहान पक्ष्यांची, विशेषतः माद्यांची चित्रे असलेले एखादे मराठी पत्रक हाती दिले तर घरी परतल्यावरही उजळणी होईल. शिवारात पाच-सहांपेक्षा मोठा गट नेऊ नये. आणि माझी सर्वांत मनापासूनची सूचना अशी की, या फेरीच्या शुल्कातील काही वाटा ज्वारीचा तुकडा आणि बांधावरच्या बाभळी राखणाऱ्या शेतकऱ्याला मिळावा. आज तो कडब्यासाठी ज्वारी पेरतो म्हणून भारीट दिसतात. उद्या त्याने तेथे बाग लावली किंवा बाभळी तोडल्या, तर दाखवायला काही उरणार नाही. पाण्याला अभयारण्याचे संरक्षण आहे, या तुकड्यांना ते नाही.

खर्चाविषयी: मार्गदर्शकाचे मानधन, दुर्बिणीचे भाडे आणि प्रवेशशुल्क हे आधी फोनवर विचारून घ्यावे. आम्हाला जे सांगितले गेले तेवढेच घेतले गेले, आणि मिळालेल्या वेळेच्या मानाने ते कमीच वाटले. आगाऊ सांगितल्यास गावात घरगुती जेवण मिळते. आम्हाला मिळालेली बाजरीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा यांत उणे काढण्यासारखे काही नव्हते.

स्वतःची दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी आठ पटीची न्यावी. दहा पटीची हातात हलते आणि कणसांमधील पक्ष्यावर चटकन लागत नाही. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत, पांढरा शर्ट तर बांधावर मुळीच नको. शनिवार-रविवारी गर्दी असते, शक्य असल्यास मधला वार निवडावा आणि नोंदणी करतानाच शिवारफेरी हवी असल्याचे सांगावे. बदके आणि रोहित पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी ठीक आहे. काळ्या डोक्याचे नर पूर्ण रंगात पाहायचे असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ धरावा. एकदा गहू निघाला की थवे पांगतात, आणि मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी त्याला ते दाखवता येत नाहीत.